विद्यापीठाचे दार कुणाला दिसते?



यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहे. रियाध, जेद्दा, दम्माम, जुबैल, यान्बू अशा दूरदूरच्या शहरांत पोटापाण्यासाठी विखुरलेली आपली कुटुंबे वर्षातून एकदा या पानांवर एकत्र येतात, एकमेकांच्या मुलाबाळांची प्रगती वाचतात आणि समाधान पावतात. त्यातही गुणवंत विद्यार्थ्यांची यादी प्रत्येक जण सर्वांत आधी उघडतो. यंदा मात्र ही यादी तयार करताना आमचा हात एका नावापाशी अडखळला. बारावीला उत्तम गुण मिळवलेली आपल्यातीलच एक मुलगी या वर्षी कोणत्याही महाविद्यालयात नाही. तिला गुण कमी पडले नाहीत, पैसा कमी पडला नाही, आईवडिलांची इच्छाही कमी पडली नाही. ज्या विद्यापीठात तिला जायचे होते त्याच्या संकेतस्थळावर प्रवेशाची अंतिम तारीख कुठे लिहिली आहे हेच त्या घराला सापडले नाही. सापडले तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते.

विद्यापीठाचे नाव आम्ही येथे घेत नाही. कारण दोष एका विद्यापीठाचा नाही आणि एका मुलीपुरताही नाही. परंतु एका मुलीचे एक वर्ष ही गोष्ट लहान मानण्याची आपल्या समाजाला सवय नाही. ज्यांच्या आज्याला शाळेच्या दाराबाहेर बसवले गेले, त्यांच्या नातीचे वर्ष दार न दिसल्यामुळे वाया जावे, ही बाब आम्हांस संपादकीयाचा विषय करण्याइतकी गंभीर वाटते.

झाले ते कसे झाले हे समजून घ्यावे म्हणून एका शुक्रवारी आम्ही त्या घरी गेलो. मुलीला म्हटले, "बाळ, तू जसे शोधलेस तसेच आम्हांला पुन्हा करून दाखव. आम्ही मध्ये बोलणार नाही." तिने वडिलांचा मोबाईल घेतला. तिच्या घरी संगणक नाही. घरातील सर्व कारभार या मोबाईलवरच चालतो. पहिले पान उघडले. वर मान्यवरांची छायाचित्रे, खाली इमारतीचे भव्य चित्र, त्याखाली डावीकडे पळणारी बातम्यांची पट्टी आणि जागोजागी लुकलुकणारा 'नवीन' हा शब्द. त्या 'नवीन'मध्ये मागील वर्षीच्या क्रीडा स्पर्धेचे परिपत्रकही होते. मुलगी 'प्रवेश' हा शब्द शोधत होती. तिला 'अधिष्ठाता', 'परिनियम', 'पात्रता कक्ष', 'संलग्नीकरण' असे शब्द भेटत होते. शेवटी 'प्रवेश' सापडले. त्यावर बोट ठेवताच आदल्या वर्षीची गुणवत्ता यादी उघडली. मग ती मागे आली, दुसरीकडे गेली, पुन्हा मागे आली. खरी सूचना एका परिपत्रकात होती. ते परिपत्रक कागदावर छापून, सही-शिक्का मारून, यंत्राखाली धरून त्याचे चित्र काढलेले होते. चित्रातील अक्षरे शोधयंत्राला अनेकदा वाचता येत नाहीत, त्यामुळे कितीही शोधले तरी ती सूचना वर येत नव्हती.

हे सर्व होत असताना मुलीचे वडील मान खाली घालून बसले होते. आम्ही निघताना ते म्हणाले, "सर, चूक आमचीच. आम्हांला यातलं कळत नाही."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. कारण हेच गृहस्थ कुटुंबाच्या इकाम्याचे नूतनीकरण, सुट्टीवर जाताना लागणारा परतीचा व्हिसा, दंडाची चौकशी ही सारी कामे सौदी गृह मंत्रालयाच्या 'अब्शर'वर मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवून करतात. अरबी येत नाही, इंग्रजी जेमतेम, तरी अडत नाही. परक्या देशाच्या सरकारचे काम ज्याला परक्या भाषेत जमते, त्याला स्वतःच्या राज्यातील विद्यापीठाची माहिती स्वतःच्या मातृभाषेत मिळत नसेल, तर न कळण्याचा दोष त्याच्याकडे कसा जातो? आपल्या समाजाने अपमानाला स्वतःची चूक मानण्याचे शतकानुशतके शिक्षण घेतले. ते शिक्षण विसरण्यासाठीच तर परमपूज्य बाबासाहेबांनी आयुष्य वेचले.

येथे बाबासाहेबांच्याच एका भूमिकेचे स्मरण करणे उचित होईल. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा झाली. त्या चर्चेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, उच्च शिक्षण गरीब आणि गरजू माणसाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविण्याची सोय करणे हे विद्यापीठाच्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा घेणारी यंत्रणा, हा विचार त्यांना मान्य नव्हता. पुढे १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या तरुणाला सकाळीच वर्ग करून कामावर जाता यावे अशी वेळ ठेवण्यात आली. उच्च शिक्षणाची सोय फारशी नसलेल्या मराठवाड्यात, औरंगाबादेस, १९५० साली मिलिंद महाविद्यालयाची स्थापना झाली. वेळ आणि स्थळ दोन्ही विद्यार्थ्याचे जीवन पाहून ठरविले गेले. शिकणारा कोण आहे, तो कुठून येतो, दिवसा काय करतो, त्याच्या वाटेत काय आडवे येते, हे आधी पाहायचे आणि मग संस्था उभारायची, अशी ती रीत होती.

आज संगणकाच्या क्षेत्रात या रीतीला 'यूझर रिसर्च' म्हणतात. आपण तिला 'वापरणाऱ्याचा अभ्यास' म्हणू. एखादे संकेतस्थळ तयार करण्यापूर्वी आणि तयार झाल्यानंतर ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना भेटायचे, त्यांना काय हवे आहे ते ऐकायचे, ते शोधतात कसे हे शेजारी बसून पाहायचे, आणि जिथे ते अडतात तिथे माणसाला दोष न देता पान बदलायचे, एवढाच या शास्त्राचा गाभा आहे. त्याला मोठा खर्चही लागत नाही. या विषयातील जाणकार जेकब नीलसन यांनी २००० साली असे मांडले की, एका वेळी पाच माणसांना वापर करताना पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. म्हणून एकदाच मोठी पाहणी करण्यापेक्षा थोडी माणसे घेऊन, दुरुस्ती करून, पुन्हा थोडी माणसे पाहावीत. पाच माणसे आणि एक शांत खोली इतके तर आपल्या प्रत्येक विद्यापीठाला परवडण्याजोगे आहे.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असेही समजू नये. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने २०१० साली एक चित्र काढले होते. त्यात एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे आहेत. एकात विद्यापीठे आपल्या पहिल्या पानावर जे ठेवतात ते, दुसऱ्यात लोक तिथे जे शोधायला येतात ते. दोहोंना सामाईक अशी एकच गोष्ट त्याने दाखविली, ती म्हणजे संस्थेचे पूर्ण नाव. जगभरच्या विद्यार्थ्यांना ते चित्र आपले वाटले. ब्रिटनच्या सरकारने मात्र त्याच सुमारास दुसरी वाट धरली. २०१२ साली त्यांनी अनेक खात्यांची वेगवेगळी संकेतस्थळे एका ठिकाणी आणण्यास प्रारंभ केला आणि पहिले तत्त्व असे ठरविले की, आरंभ सरकारच्या गरजेपासून न करता वापरणाऱ्याच्या गरजेपासून करावा. खात्याची रचना कशी आहे हे नागरिकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला त्याचे काम व्हायला हवे.

आपल्या विद्यापीठांचे नेमके येथेच बिनसते. पान तयार होते ते कचेरीच्या रचनेप्रमाणे. एक कक्ष पात्रता पाहतो, दुसरा शुल्क, तिसरा वसतिगृह, चौथा शिष्यवृत्ती. म्हणून चार ठिकाणी चार पाने. विद्यार्थ्याच्या मनात मात्र चार प्रश्न एका ओळीत उभे असतात. मला प्रवेश मिळेल का? किती पैसे लागतील? कोणती कागदपत्रे हवीत? शेवटची तारीख कोणती? आणि अडल्यास फोन कुणाला करावा, हा पाचवा. या पाच प्रश्नांची उत्तरे एका पानावर, साध्या मराठीत, मोबाईलवर वाचता येतील अशी मिळाली तर अर्धे काम झाले.

आता परदेशातील आपल्या मुलांच्या अडचणी पाहा. त्या कुणी विचारल्या नाहीत म्हणून कुणाला ठाऊक नाहीत. अर्जात पिनकोडचा रकाना सहा आकड्यांचा; सौदीचा टपाल क्रमांक पाच आकड्यांचा. अर्ज पुढे सरकत नाही. मोबाईलचा रकाना भारतीय क्रमांकच घेतो. ओटीपी गावाकडच्या काकांच्या फोनवर जातो आणि काका शेतात असतात. 'बारावी कोणत्या राज्यातून?' या प्रश्नाच्या उत्तरांत भारताबाहेरचे ठिकाणच नसते. वास्तविक येथील भारतीय शाळांतून आपली मुले सीबीएसई या भारतीय मंडळाचीच परीक्षा देतात. परंतु शाळा परदेशात असल्याने 'परदेशी मंडळ' समजून समकक्षतेचे प्रमाणपत्र मागितले जाईल की काय, या भीतीने पालक महिनाभर हेलपाटे घालतात. विद्यापीठाच्या पानावर एक ओळ असती तर ही भीती राहिली नसती. फोन करावा म्हटले तर रियाधचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे. तिकडे कचेरी अकराला उघडते तेव्हा इकडे साडेआठ वाजलेले असतात आणि माणूस कारखान्यात असतो. आठवड्यात हाती राहतो तो शुक्रवार. त्या दिवशी दूरध्वनी उचलला गेला नाही तर पुढचा शुक्रवार.

याहून अवघड प्रश्न प्रवर्गाचा आहे, आणि तो खास आपला आहे. अर्जात 'धर्म' या रकान्यात मूल बौद्ध लिहिते. पुढे 'प्रवर्ग' विचारला जातो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, आणि १९९३ साली केंद्राने बौद्धांना अल्पसंख्याक म्हणूनही घोषित केले. म्हणजे एकच मूल अनुसूचित जातीत मोडते आणि अल्पसंख्याक समाजातही मोडते. त्याने अर्जात काय लिहावे? एक निवडले तर दुसरे जाते का? जातीच्या दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्र लागते का, आणि ते कोणत्या टप्प्यावर दाखवायचे? महाराष्ट्रात वैधतेचा कायदा २००१ पासून अमलात आहे, पण परदेशात वाढलेल्या मुलाने तो शब्दही ऐकलेला नसतो. हे सर्व अधिकाऱ्यांना तोंडपाठ असते, म्हणून त्यांना लिहावेसे वाटत नाही. जे तोंडपाठ असते तेच बहुधा लिहायचे राहून जाते.

आखातातील मुलांसाठी असलेल्या जागांचीही तीच कथा. एनआयटी आणि तत्सम संस्थांतील 'डासा' या योजनेत आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी स्वतंत्र वाटा आहे, त्यात सौदी अरेबियाचा समावेश आहे. या मुलांचे शुल्क भारतातील विद्यार्थ्यांप्रमाणे ठेवलेले असते, तर योजनेतील इतरांचे शुल्क डॉलरमध्ये आकारले जाते. म्हणजे एका रकान्यात चुकीची खूण पडली तर बापाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचा फरक पडतो. पूर्वी या योजनेसाठी अमेरिकेची 'सॅट' परीक्षा चालत असे. २०२१ पासून जेईई मेन आवश्यक झाली. तो बदल ज्यांच्या घरी कुणी सांगणारे होते त्यांना वेळेत कळला. ज्यांच्या घरी नव्हते ते जुन्याच परीक्षेची पुस्तके मागवत राहिले. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहावे, ही सूचना आम्ही येथे आवर्जून करतो.

'ज्यांच्या घरी कुणी सांगणारे होते', येथेच सारे मर्म आहे. ज्या घरात काका प्राध्यापक, मावशी कुलसचिवांच्या कचेरीत, शेजारी निवृत्त प्राचार्य, त्या घराला संकेतस्थळ कसेही असले तरी चालते. एक फोन केला की काम होते. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयात जात आहे, त्याला काका नाही. त्याच्यासाठी संकेतस्थळ हाच काका. तो काका जर तोंडातल्या तोंडात बोलत असेल, तर माहिती पुन्हा वारसानेच मिळू लागते, आणि वारशाने चालणारी व्यवस्था म्हणजे काय हे या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. स्वतः बाबासाहेबांसारख्या प्रज्ञावंताच्या पाठीशीही लंडनला प्रवेश घेताना कोलंबियाच्या प्राध्यापक सेलिग्मन यांचे शिफारसपत्र होते. प्रत्येक मुलाला सेलिग्मन भेटत नाहीत. म्हणून माहिती अशी मांडली जावी की शिफारशीची गरजच उरू नये.

येथे कुणी म्हणेल, विद्यापीठे अभिप्राय मागतातच की. पानाच्या तळाशी 'आपली सूचना कळवा' असे असते. परंतु अभिप्राय मागणे आणि अभ्यास करणे यांत अंतर आहे. आपल्या लोकांना विचारा, "पान कसे वाटले?" ते म्हणतील, "छान आहे." भिडेपोटी म्हणतील, आणि आपल्याला कळले नाही हे सांगण्याची लाज वाटते म्हणूनही म्हणतील. त्या मुलीच्या वडिलांनी कोणत्याही अभिप्रायात तक्रार लिहिली नसती. म्हणून विचारण्यापेक्षा पाहणे श्रेष्ठ. त्यांच्यापुढे एक काम ठेवावे, जसे, 'या विद्यापीठात बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर शुल्क किती ते शोधून दाखवा', आणि स्वस्थ बसावे. बोट कुठे थांबते, कपाळावर आठी केव्हा पडते, माणूस मागे केव्हा फिरतो, हे टिपावे. मदत करू नये. कारण घरी मदत करायला कुणी नसणार आहे.

दुसरी एक रीत अशी आहे. विषयांची नावे लहान लहान कार्डांवर लिहावीत आणि विद्यार्थ्यांच्या हाती देऊन सांगावे, "तुम्हांला जी एकत्र असावीत असे वाटते ती एकत्र लावा." मुले 'पात्रता' आणि 'प्रवेश' एका ढिगात ठेवतात, 'वसतिगृह' आणि 'शुल्क' जवळ ठेवतात, आणि 'परिनियम' हे कार्ड हातात धरून विचारतात, "हे काय आहे?" पानाची मांडणी कशी असावी याचे उत्तर त्या टेबलावरच मिळते. तिसरी रीत तर फुकटची आहे. प्रवेशाच्या दिवसांत विद्यापीठाच्या कचेरीत जे दूरध्वनी येतात त्यांची एक वही ठेवावी. कोणता प्रश्न कितीदा आला ते लिहावे. ज्या प्रश्नासाठी लोक पुन्हा पुन्हा फोन करतात त्याचे उत्तर पानावर नाही, किंवा आहे पण दिसत नाही. दूरध्वनी उचलणारा लिपिक हा विद्यापीठातील सर्वांत मोठा संशोधक असतो. त्याला कुणी विचारत नाही एवढेच.

अभ्यास कुणाचा करावा हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. विद्यापीठाच्या आवारातील विद्यार्थ्यांना बोलावून त्यांचे मत घेणे सोपे. पण ते तर आत आलेले आहेत. दार त्यांना सापडले. जे अर्ध्या वाटेवरून परतले, ज्यांनी अर्ज उघडून तसाच सोडला, ते आवारात भेटणार नाहीत. त्यांना शोधत जावे लागेल: वस्तीत, आश्रमशाळेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांत, अंध विद्यार्थ्यांत, आणि होय, आखातातील आमच्यासारख्या कामगारांच्या घरांतही. जो बाहेर राहिला त्याची साक्ष घेतल्याखेरीज दार बरोबर आहे की नाही हे ठरविता येत नाही.

हे सर्व विद्यापीठांच्या मर्जीवर सोडलेले नाही, हेही आपण लक्षात ठेवावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ असे सांगते की, सार्वजनिक संस्थांनी आपणहून, इंटरनेटसह सर्व मार्गांनी, इतकी माहिती प्रसिद्ध करावी की नागरिकाला माहिती मागण्यासाठी अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्यांत पुढे सुधारणाही केल्या. अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता आले पाहिजे हे त्यात आहे. चित्र काढून ठेवलेले परिपत्रक अंध विद्यार्थ्याच्या वाचनयंत्रालाही मुके आणि आमच्या मुलीच्या शोधयंत्रालाही मुके. एकासाठी केलेली सोय सर्वांच्या उपयोगी पडते ती अशी.

मागणी केली तर ऐकले जाते याचाही दाखला आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी २०२२ साली परदेशांतील केंद्रांत रियाधचा समावेश झाला आणि येथील मुलांची भारतवारी वाचली. २०२४ साली अर्ज सुरू झाले तेव्हा मात्र केंद्रांच्या यादीत परदेशातील एकही शहर नव्हते. आखातातील पालकांनी आवाज उठविला, आणि काही दिवसांतच परदेशातील १४ शहरे पुन्हा यादीत आली. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. पण अर्ज उघडण्यापूर्वी त्यांनी रियाधच्या एका पालकाला विचारले असते, तर हजारो घरांची झोप उडाली नसती.

आता थोडे आपल्याकडे वळून पाहू. दुसऱ्याला बोल लावताना आपली स्मरणिका आम्ही समोर ठेवली आणि ओशाळलो. आमच्याही पहिल्या पानांवर काय असते? मान्यवरांचे संदेश, छायाचित्रे, कार्यकारिणीची यादी. गुणवंतांचे फोटो आणि टक्केवारी असते. पण त्या गुणवंताने अर्ज कसा भरला, कोणता कागद कुठून आणला, कुठे चुकला, हे आजवर एकाही अंकात नाही. २०१७ साली सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर दरमहा शुल्क लागू केले आणि ते वर्षागणिक वाढत गेले, तेव्हा कितीतरी कुटुंबे मुलांसह गावी परतली. त्या मुलांना ऐनवेळी महाराष्ट्रात प्रवेश मिळवताना जे कळले ते पुढच्यांच्या किती उपयोगी पडले असते! आम्ही ते टिपून ठेवले नाही. त्यांच्या निरोपसमारंभाचे फोटो मात्र छापले.

म्हणून या संपादकीयातून तीन गोष्टी मांडून आम्ही थांबतो. पहिली विनंती पालकांना आहे. घरात एक वही करा. प्रवेशाच्या काळात जिथे अडाल ती जागा आणि तो दिवस लिहून ठेवा, पडद्याचे चित्र काढून ठेवा. 'आम्हांला कळत नाही' हे वाक्य त्या वहीत लिहू नका. 'येथे लिहिलेले नाही' असे लिहा. दुसरी विनंती आज महाविद्यालयात असलेल्या आपल्या मुला-मुलींना आहे. तुम्ही आत पोहोचला आहात. मागून येणाऱ्या एका घराचा हात धरा, आणि सुट्टीत आपल्या विद्यापीठाच्या कुलसचिवांना भेटून सांगा की, प्रवेशाचे पान तयार कराल तेव्हा आम्हांला शेजारी बसवा. तिसरे आश्वासन आमचे. सर्व वह्या एकत्र करून त्यांचे निवेदन आम्ही महाराष्ट्रातील विद्यापीठांकडे पाठवू. त्यात राग नसेल, पुरावा असेल. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेची पहिली पाने संदेशांना न देता, त्या पाच प्रश्नांच्या उत्तरांना देऊ. ती पाने छापण्यापूर्वी याच मुलीच्या हाती देऊन, शेजारी गप्प बसून, तिला ती सापडतात का हे पाहू.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ च्या विधिमंडळ ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपल्या समाजाने सोळा वर्षे लढा दिला. घरे जळाली, माणसे गेली. कमानीवर नाव कोरण्यासाठी एवढे मोल देणाऱ्या समाजाने, कोणत्याही विद्यापीठाच्या कमानीखालून आत जाण्याची वाट प्रत्येक मुलाला स्पष्ट दिसावी एवढे मागणे, हे जास्तीचे मागणे खचितच नव्हे.

ती मुलगी यंदा पुन्हा अर्ज भरणार आहे. अंतिम तारीख तिने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे. तिच्या नावासाठी पुढील वर्षीच्या यादीत आम्ही जागा राखून ठेवत आहोत.

जयभीम.

— संपादक मंडळ